गुण, दोष आणि धों.

मी जात्याच घाबरट. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार आणि तरी फाटकापासून परत येणार. त्यामुळे त्या वर्षी दसरा झाल्यावर आमच्या शेतकी अधिकारी साहेबांनी ते काळं मशीन माझ्या हवाली केलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी हे फुटलं तर, असंच मनात आलं. ही नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा एक साखर कारखाना. कुठला ते सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. मी तिथे हेड ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. हंगामी.

हंगामी म्हणजे कारखान्याचा बॉयलर पेटला की बोलावणं, विझला की घरी. माझे वडील त्याच कारखान्यात बॉयलरवर होते आणि उभा जन्म हंगामीच राहिले. दर उन्हाळ्यात ते ओट्यावर बसून असायचे आणि पुढच्या वर्षी बोलावतील ना, या एकाच विचाराने वाळत जायचे. मी नगरला जाऊन सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला आणि मला तिथे घेतलं, तेव्हा त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. कायम करतात का, एवढंच विचारलं. मग रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत तोच प्रश्न. मला त्याचा राग यायचा आणि राग आल्याचं वाईटही वाटायचं.

साहेबांचं म्हणणं असं होतं की पुण्याच्या एका विक्रेत्याने हा लॅपटॉप महिनाभर वापरायला दिलाय. बाजारातल्या भारी मशीनच्या मानाने स्वस्तातला आहे, म्हणून तर डोळे झाकून घ्यायचा नाही. तू तो गटाच्या ऑफिसात घेऊन जा, यंदाचा ऊसतोडणीचा क्रम त्याच्यावर लाव, आणि मला एका कागदावर दोन बाजू करून दे, इकडे गुण, तिकडे दोष. मशीन कामाचं निघालं तर प्रत्येक गटाला एक घेऊ आणि चालवणारी माणसं कायम करू. पहिली ऑर्डर तुझी. हे सगळं ते चहाची बशी शोधत शोधत बोलले. 

मशीनच्या जबाबदारीच्या कागदावर सही माझी. पडलं, फुटलं, भिजलं, चोरीला गेलं, सगळं माझ्या माथी. रोज एस.टी.नं गटाच्या गावाला जायचं. आईनं काष्टीच्या बाजारातून जाड कापड आणून गोधडी शिवतात तसं त्याला आवरण शिवून दिलं. बसमध्ये ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसायचे. कुणी शेजारी पाण्याची बाटली उघडली की मी ते छातीशी ओढायचे. एकदा एका आजीबाईंनी विचारलं, बाळ किती महिन्यांचं? आवरणच तसं होतं. मी नुसती मान हलवली, आणि पुढचा सगळा रस्ता आपण खोटं बोललो म्हणून चुटपुटत बसले.

गटाचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक कपाट आणि बाहेर लिंबाखाली बाक. त्या भागातल्या सगळ्या उसाच्या नोंदी तिथे होत. कुणी कधी लागण केली, म्हणजे ऊस कधी लावला, त्या क्रमानं पुढच्या हंगामात तो तुटायचा. आधी लावला त्याचा आधी. ऐकायला सोपं आहे, पण या एका यादीवरून गावंच्या गावं भांडत. उभ्या उसाला तुरा आला की तो आतून पोकळ पडायला लागतो, वजन उतरतं, आणि मालकाचा जीव टांगणीला लागतो. टोळी म्हणजे तोडणी कामगार कुणाच्या वावरात आधी उतरते, याच्यावर सगळं.

ही यादी सव्वीस वर्षं एक माणूस करत आला होता. गटाचे कारकून. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायला लागले. उंच, सडसडीत, पांढरी टोपी, घरची शेती, आणि त्या हंगामानंतर निवृत्त होणार. त्यांच्याकडे एक टिपणवही होती. शेतकरी सांगतील तसं ते तिच्यात लिहून घेत, आणि शेतकरी तारीख सांगत नाहीत, तिथी सांगतात. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी लावला. एकादशीला पाणी दिलं. मामा ती तिथी लिहायचे आणि सवडीनं पंचांग बघून तारखा काढायचे. अक्षर असं की छापलेलं वाटावं. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाची नोंद चुकवली, असं मी कुणाच्याही तोंडून ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मशीनकडे बराच वेळ पाहिलं, मग टोपी सरळ करून विचारलं की ह्याला तिथी कळते का. चेष्टा होती की खरंच विचारत होते, कोण जाणे. मी म्हणाले, नाही, तारखाच लागतात. मग त्यांनी धूळ बसू नये म्हणून आपला टॉवेल काढून मशीनवर टाकला. माणूस वाईट नव्हता, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

आता मशीनबद्दल. मी तो कागद पहिल्या दिवसापासून लिहायला घेतला, आणि दोषांची बाजू भराभर भरायला लागली. नाव लॅपटॉप, पण मांडीवर दहा मिनिटं ठेवला तर मांडी भाजायची. उजेडात पडद्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. खिडकी लावून, वर टॉवेल धरून बघावं लागे, आणि बाहेरच्या बाकावरची माणसं हसत. बाण फिरवायला मधोमध एक छोटा गोळा होता. त्यात मळ गेला की बाण एका जागी थरथरत उभा राहायचा, मग गोळा काढून पदरानं पुसायचा आणि तो टेबलाखाली घरंगळला की गुडघ्यावर बसून शोधायचा. फ्लॉपीचा डबा वेगळा, त्याची वायर वेगळी. मराठी अक्षरं यायची, पण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा. आणि बॅटरी. विक्रेत्याचा माणूस तीन तास म्हणाला होता. मी घड्याळ लावून बघितलं, पाऊण तास. तोही पहिल्या आठवड्यात.

पण गुणही होते, आणि मला ते मनापासून हवे होते, खोटं कशाला बोलू. लाईट गेली तरी ते चालू राहायचं. गावात तेव्हा दिवसातून दोनदा लाईट जायची आणि आमचा हेड ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर अशा वेळी मेलेला असायचा. हे पाऊण तास का होईना, जिवंत. एखाद्याचं नाव विचारलं की क्षणात पुढे. खाडाखोड नाही. कुठेही नेता येतं. मी गुणांच्या बाजूला एकेक ओळ लिहायचे आणि ती दोषांपेक्षा आखूड दिसली की अक्षर जरा मोठं काढायचे.

बॅटरीमुळे मी कामाची एक पद्धत बसवली. एका शेतकऱ्याची सगळी माहिती एकदम भरायला गेलं की मधेच मशीन बंद पडायचं आणि अर्धी ओळ जायची. म्हणून मी उभं भरायचं ठरवलं. आधी फक्त नावं, सगळ्यांची. मग फक्त क्षेत्र. मग फक्त तिथीवरून काढलेल्या तारखा. आपल्या हुशारीवर मी खूष होते, गुणांच्या बाजूला तेही लिहिलं असतं.

नावं भरायला दोन दिवस लागले. मामांच्या वहीत आडनाव आधी, मग नाव, आणि एका गावात दोघं सारख्या नावाचे असले तर पुढे बापाचं किंवा नवऱ्याचं एक अक्षर. रा., ग., पां. असं. काही नावांपुढे धों. होतं. मी ते तसंच नावात घेतलं. आमच्या भागात आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या पोराचं नाव दगडाधोंड्यावरून ठेवायची चाल होती, गावोगाव धोंडिबा पडलेले. अकरा जणांपुढे धों. आलं, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग तारखांचा दिवस आला. मी घरून आदल्या वर्षीचं कॅलेंडर आणलं होतं, कारण त्या हंगामात तुटणारा आडसाली ऊस आदल्या पावसाळ्याच्या तोंडाला लावलेला. इथे मी अडले. आषाढ दोन होते. एका पानावर अधिक आषाढ, पुढच्या पानावर निज आषाढ. वहीत लिहिलेलं आषाढ शुद्ध पंचमी म्हणजे यातली कुठली?

मामा चार हातांवर बसले होते. विचारलं असतं तर संपलं असतं.

विचारलं नाही, त्याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या घरी छप्पन सालापासून पंचांग नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते सगळं सुटलं. भिंतीवर कॅलेंडर असायचं, त्यात आम्ही पौर्णिमा तेवढ्या बघायचो. याचं मला कधी कमी वाटलं नाही, उलट अभिमानच होता. पण त्याच आठवड्यात डबा खाताना मामांनी सहज विचारलं होतं, की तुमच्यात पंचांग बघत नाहीत, न्हाई का. मी नाही म्हणाले. ते बरं म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले. विषय संपला. माझा मात्र संपला नाही. तो तुमच्यात शब्द माझ्या डोक्यात राहिला. आता याच माणसाला जाऊन दोन आषाढांतला कुठला, असं विचारायचं? म्हणजे त्यांनी टोपी सरळ करून पुन्हा तेच म्हणायचं, तुमच्यात कुठं तिथी. आणि हेड ऑफिसात बोलता बोलता निघायचं की कॉम्प्युटरवाल्या पोरीला साध्या तिथ्या कळत नाहीत, हिला कशाला कायम करता.

म्हणून मी स्वतःच डोकं चालवलं. अधिक महिन्यात लोक शुभकार्य करत नाहीत, लग्न नाही, मुंज नाही, घरभरणी नाही, हे मला माहीत होतं. मग नवी लागण तरी कोण करेल? वर निज म्हणजे खरा. झालं तर मग. मी सगळे आषाढ निज आषाढात टाकले. तरी मनात चुकचुकत होतं. दोनदा उठून मामांच्या टेबलापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा टाचणी मागून परत आले.

यादी लावायची कळ दाबली तेव्हा पडदा एकदा लवला आणि सगळी नावं आपापल्या जागी. मामांना ज्याला तीन दिवस लागायचे ते काम झालं होतं. मी पुन्हा दाबली, पुन्हा झालं. त्या दुपारी मी कागदावर गुणांच्या बाजूला लिहिलं, क्रम लावण्यात वेग व अचूकता, आणि अचूकताखाली रेघ मारली. मग मशीन हेड ऑफिसात नेलं, तिथल्या प्रिंटरला जोडून यादी छापली, साहेबांनी वरवर बघून सही केली. मामा तेव्हा भाचीच्या लग्नाला गेले होते. यादी मीच गटाच्या ऑफिसच्या दारावर लावली. दुसऱ्या दिवशी टोळ्या उतरल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हिरवं लुगडं, हातात कोयता. वावरातून तशाच आलेल्या. भांडायला आल्यासारखं काही नाही. दारावरच्या कागदावर बोट ठेवून शांतपणे म्हणाल्या, "बाई, माज्या मालकाचं नाव कुनी बदललं?"

मी उठून पाहिलं. त्यांच्या नावापुढे धों. होतं.

"मालक जिता हाय माजा," त्या म्हणाल्या, "न् त्यांचं नाव धोंडिबा न्हाई." बाकावरचे दोघंतिघं हसले. मीही हसले, चुकून पडलं असेल म्हणाले. मग त्या मूळ गोष्टीवर आल्या. त्यांची लागण धोंड्यातली, शेजारच्याची त्यानंतरच्या महिन्यातली. मग टोळी त्याच्या वावरात कशी उतरली? त्यांचा ऊस तुऱ्यावर आलाय, विहिरीला पाणी नाही, आणि यादीत त्यांचा नंबर तर महिन्याभराने.

धोंड्यातली, हा शब्द ऐकला आणि मी कागदावरचे बाकीचे धों. शोधायला लागले.

धोंड्याचा महिना मला माहीत नव्हता का? होता. शेजारच्या आळीत धोंडा आला की जावयाला जेवायला बोलावतात, ताटात अनारसे वाढतात, सगळं लहानपणापासून बघितलेलं. अधिक महिना म्हणजेच धोंडा, तेही माहीत. पण वहीतलं धों. मी दोन दिवस आधीच माणसाचं नाव म्हणून भरून मोकळी झाले होते. ते बापाचं अक्षर नव्हतंच. ते पुढच्या तिथीचं होतं. धों. आषाढ शु. ५. मामांनी किती नीट लिहून ठेवलं होतं. आणि पुढे? धोंड्यात लग्न थांबतं, ऊस थांबत नाही. कॅनॉलला पाणी सुटलं की त्या पाळीत लागण करायची, मग तो महिना अधिक असो की उणा. माझे वडील बॉयलरवर गेले म्हणून काय झालं, आजोबांनी दुसऱ्याच्या बांधावर जन्म काढला होता. ही अक्कल माझ्या रक्तात असायला हवी होती. अकराच्या अकरा जणांना मी महिनाभर मागे ढकललं होतं.

बाईंना पाणी दिलं, बसा म्हणाले.  मशीन उघडलं, अकरा तारखा बदलल्या, कळ दाबली. पडदा लवला आणि यादी दुरुस्त झाली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी सोपी चूक आणि इतकी सोपी दुरुस्ती, मला रडायलाच आलं. पण दारावरची यादी बदलली म्हणून वावरात उतरलेली टोळी उठत नाही. त्याला साहेबांची सही लागणार, आणि सही म्हणजे का, कशी, कुणाची चूक, हे सगळं आलंच. मी बाईंना म्हणाले, उद्या नक्की करते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोयता उचलला आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या. संध्याकाळी माझी बस येईपर्यंत तिथेच होत्या.

मामा दुसऱ्या दिवशी आले. लग्नाचे लाडू आणले होते. मी सांगितलं की काही नोंदी चुकल्यात. कशा, ते सांगितलं नाही. त्यांनी दारावरचा कागद उतरवला, चष्मा लावला, बोट फिरवत खाली गेले. एका धों. वर थांबले, मग दुसऱ्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोळा पुसत होते. ते उठले. टोपी घातली, सायकल काढली, आणि उन्हात चार मैल मारून टोळीच्या मुकादमाला गाठलं. त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, दुपारपर्यंत टोळी त्या बाईंच्या वावरात होती. साहेबांच्या सहीवाचून. मामांच्या शब्दावर. बाकीच्या दहा जणांचंही त्यांनी दोन दिवसांत मार्गी लावलं, कारण त्यांतल्या कुणाची पाळी अजून टळली नव्हती. म्हणजे नुकसान कुणाचं झालं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

पण गोष्ट हेड ऑफिसात गेलीच, जायचीच. साहेबांचा निरोप आला, सोमवारी अहवाल घेऊन ये, मामांनाही आण.

रविवारी मी तो अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवायला बसले. वडील समोर बसले होते. गुण आठ झाले. दोषही लिहिले, मांडी भाजते इथपासून बॅटरी पाऊण तास इथपर्यंत. शेवटची ओळ राहिली. अकरा नोंदी कशा चुकल्या? मशीनमुळे, असं लिहिलं तर मशीन परत जाणार, आणि त्याच्याबरोबर ती ऑर्डरही. माझ्यामुळे, असं लिहिलं तर मशीन राहील आणि मी जाईन. वडिलांनी विचारलं, काय अडलं? मी म्हणाले, काही नाही. आणि लिहिलं: मूळ टिपणवहीतील अक्षर व संक्षेप अस्पष्ट असल्याने अकरा नोंदी चुकल्या. यंत्राचा दोष नाही.

मला वाटलं होतं की लिहिताना हात थरथरेल. थरथरला नाही. मला आजही त्याचीच लाज वाटते.

सोमवारी साहेबांनी अहवाल उभ्यानेच वाचला. गुण भरभर, दोषही. बॅटरीपाशी विक्रेत्याला एक शिवी घातली. आणि शेवटची ओळ मात्र मोठ्यानं वाचली. अक्षर व संक्षेप अस्पष्ट असल्याने. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. मामा माझ्या उजव्या बाजूला उभे होते, टोपी हातात. टिपणवही त्यांच्या काखेत होती. त्यांनी ती उघडून साहेबांपुढे धरली असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. शेंबड्या पोरालाही वाचता येईल असं अक्षर.

"व्हय साहेब," मामा म्हणाले. "माजं अक्षर पहिल्यापास्नं खराबच हाय."

साहेब म्हणाले की आता ही तिथ्याबिथ्यांची भानगड बंद. यापुढे नोंदी तारखेनं, थेट मशीनमध्ये. वही इथे जमा करा. मामांनी वही टेबलावर ठेवली, तिच्यावरची धूळ टोपीनं झटकली, आणि नमस्कार केला. मी तोंड उघडलं नाही. मूग गिळून बसणं म्हणतात, ते किती जड असतं हे मला त्या खोलीत कळलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला चहा पाजला. चहा पिताना ते कारखान्याच्या धुराड्याबद्दल काहीतरी बोलले, मला एक शब्द आठवत नाही.

लॅपटॉप घेतले गेले. गुणांनी दोषांवर मात केली म्हणा. बॅटरी मात्र एकाचीही तासावर गेली नाही. त्या हंगामाचे उरलेले महिने मामा गटाच्या ऑफिसात समोरच्या टेबलावर बसून असत. शेतकरी यायचे, सवयीनं त्यांच्याकडेच वळायचे, अमक्या तिथीला लावला म्हणायचे, आणि मामा त्यांना माझ्याकडे पाठवायचे. तिच्याकडं सांगा, ती लिहिती. मग मी कॅलेंडर काढायचे. मला खात्री नसली की त्यांच्याकडे बघायचे, आणि ते मान हलवून हो किंवा नाही सांगायचे. आम्ही याबद्दल कधी बोललो नाही.

माझी कायम झाल्याची ऑर्डर फाल्गुनात आली. तेव्हा कारखान्याचा पट्टा पडत, म्हणजे हंगाम संपत आला होता आणि मामांचे अखेरचे चार-पाच दिवस राहिले होते. मी ऑर्डर त्यांना दाखवली, कारण न दाखवणं त्याहून वाईट झालं असतं. त्यांनी चष्मा लावून सबंध वाचली, सहीसकट. चांगलं झालं म्हणाले. वडलांना आधी सांग म्हणाले. मी पाया पडायला वाकत नाही, आमच्यात ती पद्धत नाही, मी नुसतीच उभी राहिले.

मग ते म्हणाले, "एक इचारू का? त्या टायमाला आषाढ कंचा धरायचा, हे मला का न्हाई इचारलंस? मी तर तितंच बसलो हुतो."

सगळा हंगाम मी या प्रश्नाला घाबरत होते आणि दहा उत्तरं तयार ठेवली होती. घाई होती, बॅटरी संपत आली होती, तुम्ही कामात होता. पण त्या माणसाने माझ्यासाठी सव्वीस वर्षांचं अक्षर खराब म्हणून सांगितलं होतं. मी खरं ते सांगितलं. म्हणाले, "मामा, मला वाटलं तुम्ही म्हणाल, तुमच्यात कुठं तिथी पाळतात. म्हणून नाही विचारलं."

त्यांनी चष्मा काढला. तो धोतराच्या सोग्याला पुसला.  मला वाटलं, आता ते म्हणतील, छे गं पोरी, मी असा माणूस आहे का.

"म्हनलो असतो," मामा म्हणाले. "पन सांगितलं बी असतं."